दम लागतो, पण कुठून? छातीच्या शस्त्रक्रियांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे मी मुद्दाम एकत्र घेतली आहेत. चारही पत्रांतील मूळ तक्रार श्वासाचीच आहे, आणि पहिल्या तिन्हींत ती ‘दम लागतो’ अशीच लिहिलेली आहे. परंतु एका रुग्णाचा अडथळा श्वासनलिकेत आहे, दुसऱ्याचा हृदयाच्या झडपेत, तिसऱ्याचा फुफ्फुसाभोवती, आणि चौथ्या, अवघ्या दीड वर्षाच्या बाळाचा, बहुधा एका श्वासवाहिनीत. दम नेमका कुठून लागतो हे ठरल्याशिवाय औषध बदलत राहण्यात किती काळ जातो, हे या पत्रांतून दिसते. दोन पत्रांना थांबण्याइतका अवकाश नव्हता, म्हणून ती पोहोचली त्याच दिवशी मी संबंधितांना दूरध्वनीवरून कळवले आहे. येथील उत्तरे अशाच स्थितीत असलेल्या इतर कुटुंबांसाठी आहेत.

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या मुलाला पावसाळ्यात रात्री झोपेत मण्यार चावली. तोंडातून नळी घालून तो १२ दिवस व्हेंटिलेटरवर होता आणि देवाच्या कृपेने वाचला. घरी आल्यावर पाच आठवड्यांनी त्याला चालताना दम लागू लागला. दमा आहे असे सांगून फवारे आणि स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. दोन महिने झाले तरी गुण नाही. आता श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो. दुर्बिणीने पाहिल्यावर श्वासनलिका आकसली असल्याचे कळले. सुमारे ३ सेंटीमीटरचा भाग कापून टोके जोडावी लागतील असे सर्जन म्हणतात. असे खरेच करता येते का? त्याचा आवाज जाईल का? आत स्टेंट बसवून भागणार नाही का? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘श्वास घेताना’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. दम्यात अरुंद होतात त्या फुफ्फुसात खोलवर असलेल्या बारीक श्वासवाहिन्या, त्यामुळे त्यातला सूं-सूं आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो. गळ्यातली मोठी श्वासनलिका अरुंद झाली, तर आवाज श्वास आत घेताना येतो आणि पुष्कळदा तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. त्यातून रुग्ण नुकताच व्हेंटिलेटरवरून उतरलेला असेल, तर श्वासनलिका तपासल्याखेरीज दम्याचे निदान पक्के करू नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

हे कसे घडते ते समजून घ्या. नळी श्वासनलिकेत नीट बसावी आणि हवा बाजूने निसटू नये म्हणून तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. त्याचा दाब साधारणपणे पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर स्तंभाइतका राखायचा असतो. तो बराच वर जाऊन तसाच राहिला, तर आतल्या नाजूक अस्तरातील केशवाहिन्या दाबल्या जातात, अस्तर आणि त्याखालची कूर्चेची कडी मरतात, आणि नळी निघाल्यावर जखम भरताना तयार होणारा व्रण पिशवीच्या तोंडाची नाडी ओढावी तसा गोलाकार आवळत जातो. व्रण आवळायला वेळ लागतो, म्हणूनच लक्षणे लगेच न दिसता काही आठवड्यांनी दिसू लागतात. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि त्या बारा दिवसांत नळीवाचून दुसरा उपाय नव्हता, हेही ध्यानात असू द्या. नळी घातली म्हणून कोणाला दोष देऊ नये.

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण ११ सेंटीमीटर लांब आणि दीड ते दोन सेंटीमीटर रुंद असते. रुंदी निम्म्यावर आली की चढ चढताना धाप लागते आणि ती ५-६ मिलिमीटरवर आली की बसल्या जागीही श्वास वाजू लागतो. इतक्या अरुंद वाटेत चिकट कफाचा एक गोळा अडकला तरी श्वास पूर्ण कोंडू शकतो. त्यामुळे मुलगा स्वस्थ बसलेला असतानाही आवाज येत असेल, तर शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट घरी पाहू नका. त्याला रुग्णालयात, श्वासनलिका तातडीने रुंद करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. होय, श्वासनलिका कापून जोडता येते. १९५० च्या सुमारास सर्जनांची समजूत अशी होती की दोन सेंटीमीटरहून अधिक भाग काढला, तर उरलेली टोके एकमेकांपर्यंत पोहोचणार नाहीत. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॉ. हर्मीस ग्रिलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात शवांवर काळजीपूर्वक मोजमापे करून ही समजूत मोडली. श्वासनलिकेला रक्त दोन्ही बाजूंनी येते. त्या बाजूंना धक्का न लावता ती पुढून आणि मागून मोकळी केली आणि मान पुढे झुकवली, तर प्रौढ माणसात जवळजवळ निम्म्या लांबीपर्यंतचा भाग काढता येतो. याच गटाने १९९५ साली नळीमुळे आकसलेल्या श्वासनलिकेच्या ५०३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहात नऊहून अधिक जणांना चांगला किंवा समाधानकारक गुण आला आणि शंभरात दोन ते तीन रुग्ण दगावले. हा अनुभव या कामात हयात घालवलेल्या लोकांचा आहे, म्हणून तुमच्या सर्जनांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत हे त्यांना अवश्य विचारा. असा प्रश्न विचारण्यात अनादर नाही. चांगल्या सर्जनला तो खटकत नाही.

शस्त्रक्रिया बहुतेक वेळा गळ्याच्या पायथ्याशी आडवा छेद घेऊन होते. श्वासनलिका उघडल्यावर भूलतज्ज्ञ खालच्या टोकात थेट एक निर्जंतुक नळी घालून फुफ्फुसांना हवा देत राहतात, तोवर आवळलेला भाग काढला जातो, आणि मग टोके टाक्यांनी जोडली जातात. नातेवाइकांना सर्वांत जास्त धक्का बसतो तो नंतर, कारण रुग्ण बाहेर येतो तेव्हा त्याची हनुवटी एका जाड टाक्याने छातीच्या त्वचेशी बांधलेली असते. झोपेत मान मागे जाऊन जोडावर ताण येऊ नये यासाठी ती आठवडाभराची राखण असते. हे आधी सांगून ठेवले नाही, तर आई-वडील घाबरून जातात. म्हणून मी ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आवाजाविषयी सांगायचे, तर स्वरतंतूंना हालवणाऱ्या दोन नसा श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात आणि जुन्या व्रणात त्या ओळखू येत नाहीत, म्हणून सर्जन श्वासनलिकेच्या भिंतीला अगदी चिकटून काम करतात. आवळलेला भाग स्वरयंत्रापासून पुरेसा खाली असेल, तर आवाज कायमचा बिघडण्याचा धोका कमी असतो. तो थेट स्वरतंतूंखाली असेल, तर शस्त्रक्रिया वेगळी आणि अधिक अवघड असते. तुमच्या मुलाचा व्रण स्वरतंतूंपासून किती खाली आहे, हे दुर्बिणीच्या अहवालात लिहिलेले असले पाहिजे.

स्टेंटचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु कर्करोग नसलेल्या अशा व्रणात धातूचा जाळीदार स्टेंट बसवला, तर जाळीतून ऊती वाढतात, स्टेंट भिंतीत रुतून बसतो, नंतर तो काढणे धोक्याचे होते आणि मूळ ३ सेंटीमीटरचा आजार लांबत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ सालीच याबद्दल डॉक्टरांना सावध केले होते. पातळ पडद्यासारखा व्रण असेल, तर दुर्बिणीतून तो कापून किंवा फुग्याने ताणून कधीकधी कायमचा गुण येतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र ३ सेंटीमीटर लांबीचा भाग आणि बहुधा कूर्चाही गेलेली असल्याने ताणण्याचा उपयोग शस्त्रक्रियेपर्यंतचे दिवस सुरक्षित काढण्यापुरता आहे. ज्यांची प्रकृती मोठी शस्त्रक्रिया सोसणारी नाही, त्यांच्यासाठी सिलिकॉनची टी-आकाराची नळी हा बरा मार्ग असतो. २३ वर्षांच्या तरुणाला तो पहिला म्हणून मी सुचवणार नाही.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी ती सांगणे मला आवश्यक वाटते. दम्यासाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे जोड भरून यायला अडचण येते. त्या शस्त्रक्रियेपूर्वी बंद व्हायला हव्यात, मात्र एकदम नव्हे, तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत. तुमच्या सर्जनना या गोळ्यांची माहिती नसेल, तर आजच द्या.

प्रश्न : माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. पहिल्या बाळंतपणात सहाव्या महिन्यापासून तिला रात्री आडवे झाले की दम लागत असे आणि खोकल्यातून गुलाबी फेस येत असे. तेव्हा खोकल्याचे औषध दिले गेले. बाळ सुखरूप झाले, पण नंतर तपासणीत हृदयाची एक झडप ०.९ चौरस सेंटीमीटर इतकी अरुंद असल्याचे निघाले. एक डॉक्टर फुग्याने झडप उघडू म्हणतात, दुसरे ती बदलायला सांगतात. तिला आणखी एक मूल हवे आहे. आमचे घर ऊसतोडीवर चालते. आम्ही काय करावे? (एक वाचक भगिनी, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, फुफ्फुसाकडून आलेले रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाते ते द्विदल झडपेतून. तिचे तोंड साधारण ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते आणि ते दीडपर्यंत आले की आजार तीव्र मानतात. तुमच्या बहिणीचे तर एकाच्याही आत आहे. गरोदरपणात शरीरातील रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि नाडी जलद होते, म्हणजे अरुंद दारातून अधिक माणसे कमी वेळात जायला लागावीत तसे होते. मग रक्त मागे फुफ्फुसात तुंबते. तो गुलाबी फेस त्या तुंबलेल्या फुफ्फुसाचा होता आणि त्या रात्रींमधून ती वाचली हे मोठे नशीब म्हणायचे.

आपल्याकडे या वयात द्विदल झडप आकसण्याचे कारण जवळजवळ नेहमीच लहानपणी येऊन गेलेला ऱ्हुमॅटिक ताप असते. घसा दुखतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, मूल बरे होते आणि घरचे विसरून जातात. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध शरीराने केलेला मारा मात्र झडपेवर होऊन गेलेला असतो आणि पुढची दहा-पंधरा वर्षे तिची पाने कडांना चिकटत, जाड होत जातात.

फुगा की बदल, याचे उत्तर डॉक्टरांच्या आवडीवर नसून झडपेच्या रूपावर अवलंबून असते. पाने अजून लवचिक आहेत, त्यांवर चुना (कॅल्शियम) फारसा साठलेला नाही, झडप लक्षणीय गळत नाही आणि वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही, या चार गोष्टी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसल्या, तर २७ वर्षांच्या स्त्रीसाठी पहिली पसंती निःसंशय फुग्यालाच. गुठळी नाही याची खात्री अन्ननलिकेतून केलेल्या इकोनेच नीट होते; ती तपासणी झाली नसेल, तर आधी करून घ्या. जांघेतील शिरेतून एक नळी हृदयापर्यंत नेऊन, दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्याला बारीक छिद्र करून, झडपेच्या तोंडात फुगा फुगवला जातो आणि चिकटलेल्या कडा सुट्या होतात. जपानचे डॉ. कांजी इनोए यांनी ही रीत १९८४ साली प्रसिद्ध केली, आणि ती येण्यापूर्वी छाती उघडून, धडधडत्या हृदयात बोट घालून त्याच कडा सोडवल्या जात. आपल्या देशातील हजारो स्त्रियांचे संसार त्या बोटाने वाचवलेले आहेत. फुग्याचा गुण अनेकांत दहा वर्षे किंवा त्याहून अधिक टिकतो. झडप पुन्हा आकसू शकते, हे खरे. पण तोवर मुलेबाळे होऊन गेलेली असतात.

झडप बदलावीच लागली, तर दोन मार्ग आहेत आणि दोन्हींना किंमत आहे. धातू, कार्बन किंवा प्लास्टिक वापरून केलेली यांत्रिक झडप फार वर्षे टिकते, परंतु तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी नियमितपणे करून तिचे प्रमाण राखावे लागते. ही गोळी वारेतून बाळापर्यंत पोहोचते. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती गर्भात व्यंग निर्माण करू शकते, आणि ती बंद करून इंजेक्शने दिली, तर आईच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुसरी, प्राण्यांच्या ऊतींपासून केलेली झडप. तिला जन्मभर ती गोळी लागत नाही, पण तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि साधारण दहा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडून फडावर राहणाऱ्या बाईला दर महिन्याला आयएनआर कोण करून देणार, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलाइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो ठरवण्याच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवायलाच हवा. ते आपणहून विचारतील अशी वाट पाहू नका. यांत्रिक झडप निवडली, तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णात बसवलेली चित्रा झडप परदेशी झडपांपेक्षा स्वस्त आहे. ती भारतीय आहे म्हणून कमी प्रतीची असेल, ही शंका मनातून काढून टाका.

खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्रांना शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन, दाखल होण्यापूर्वीच भेटा. हृदयाच्या झडपेचे उपचार या योजनेत बसतात.

फुगा करा किंवा झडप बदला, दर २१ दिवसांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन मात्र चुकवू नका. ते आजच्या दमासाठी नसून झडपेवर पुन्हा मारा होऊ नये यासाठी आहे, आणि हाच फरक कोणी नीट न सांगितल्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून ते सोडून दिलेल्या कितीतरी स्त्रिया मी दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी आलेल्या पाहिल्या आहेत. दुसऱ्या बाळाचा विचार झडप मोकळी झाल्यावर आणि नवा इको पाहिल्यावरच करा.

प्रश्न : मला (वय ४६) न्यूमोनियानंतर छातीत पू झाला. नळी घालून २० दिवस झाले. आता नळीतून थोडेच येते, तरी संध्याकाळी ताप येतो, चालताना दम लागतो आणि सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुस दबलेले दिसते. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. नातेवाईक म्हणतात, फुफ्फुस कापून घेऊ नकोस, नळीनेच बरे होईल. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचे फुफ्फुस कापणार नाहीत, ते सोडवणार आहेत. फुफ्फुसाभोवतीचा पू सुरुवातीला पाण्यासारखा पातळ असतो आणि तेव्हा एका नळीने काम भागते. पुढे त्यात जाळी धरते, मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे पडतात आणि नळी ज्या कप्प्यात आहे तेवढाच रिकामा होतो. आणखी काही आठवड्यांनी त्या जाळीची जाड साल बनते आणि फुफ्फुस तिच्या आत जखडून बसते. नळीतून कमी येऊ लागले म्हणजे पू संपला, असा अर्थ तुमचे नातेवाईक घेत आहेत. ताप आणि स्कॅन मात्र वेगळे सांगत आहेत.

दुसऱ्या अवस्थेत दोन-तीन छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याने कप्पे मोडून पू धुऊन काढता येतो. साल पक्की झाल्यावर बहुधा बरगड्यांमधून छाती उघडावी लागते आणि ती साल हलक्या हाताने सोलावी लागते. भूलतज्ज्ञ हवा भरतात आणि आठवडेच्या आठवडे चोळामोळा झालेले फुफ्फुस डोळ्यांदेखत फुलून छातीच्या भिंतीला टेकते. इतक्या वर्षांनंतरही ते पाहताना मला समाधान वाटते. सोलताना रक्त जाते आणि फुफ्फुसाच्या पृष्ठभागावरून काही दिवस हवा झिरपते, हे दोन मुख्य त्रास. तुम्ही विसाव्या दिवशी आहात, म्हणजे कॅमेऱ्याने होण्याची संधी अजून असू शकते आणि प्रत्येक आठवड्यागणिक ती कमी होत जाईल. काढलेली साल क्षयाच्या तपासणीसाठी पाठवली जाईल ना, एवढे विचारून घ्या. आपल्याकडे न्यूमोनियामागे क्षय दडलेला असणे नवे नाही.

घाईचाही एक धडा या आजाराच्या इतिहासात आहे. १९१८ मध्ये अमेरिकी लष्करी छावण्यांत फ्लूच्या साथीबरोबर असा पू झालेल्या जवानांची छाती फार लवकर उघडली जाई आणि फुफ्फुस भिंतीला चिकटलेले नसल्याने ते एकदम मिटून जवान दगावत. इव्हार्ट्‌स ग्रॅहम या सर्जनांसह नेमलेल्या समितीने पहिल्या दिवसांत हवाबंद नळीनेच पू काढण्याचा आग्रह धरला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजही नळीचे टोक बाटलीतील पाण्याखाली सुमारे २ सेंटीमीटर बुडवलेले असते ते बाहेरची हवा छातीत शिरू नये म्हणूनच. त्यामुळे चालताना बाटली नेहमी छातीच्या खाली धरा, ती कधीही उचलून पलंगावर ठेवू नका. पण चाला मात्र जरूर, आणि तीन छोट्या चेंडूंच्या यंत्राने श्वास आत ओढण्याचा व्यायाम जागेपणी दर तासाला करा.

प्रश्न : नातू १८ महिन्यांचा आहे. चार दिवसांपूर्वी शेंगदाणे खाताना त्याला जोराचा ठसका लागला, चेहरा निळसर झाला, पाठीवर थोपटल्यावर तो रडला आणि बरा वाटला. दोन दिवस काही नव्हते. आता बारीक ताप आहे आणि उजव्या बाजूने छाती वाजते असे डॉक्टर म्हणतात. एक्स-रे चांगला आहे. तरीही ते दुर्बीण घालून पाहायला सांगतात. एवढ्याशा बाळाला भूल द्यायची का? (एक आजी, सातारा)

उत्तर : आजी, भूल द्यायची आणि उशीर न करता द्यायची. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम, आणि सुरुवातीच्या दिवसांत तोही दिसेलच असे नाही. मधले दोन दिवस बाळ शांत होते, कारण दाणा एका श्वासवाहिनीत जाऊन स्थिर बसला असावा. आता तो फुगतो आहे, त्याच्या तेलाने आतले अस्तर सुजते आहे आणि मागे कफ साठून ताप येतो आहे. ठसक्याची ही हकीकत आणि एकाच बाजूने वाजणारी छाती, या दोन गोष्टी जुळल्या की एक्स-रे कसाही असो, दुर्बिणीने पाहायचे, असाच आमचा नियम असतो. लहान मुलांत हे काम सरळ, कडक दुर्बिणीने होते, तिच्यातूनच भूलतज्ज्ञ श्वास देत राहतात आणि चिमट्याने दाणा बाहेर येतो; अनुभवी हातांत बहुतेक मुले एक-दोन दिवसांत घरी जातात. पाहून काही सापडले नाही, तर एक भूल वाया गेली असे समजू नका, कारण न पाहता राहिलेला दाणा फुफ्फुसाचा तो भाग कायमचा नासवू शकतो. रुग्णालयात जाईपर्यंत बाळाच्या घशात बोट घालू नका, त्याला उलटे धरू नका आणि काही खायला-प्यायला देऊ नका. किती वाजता शेवटचे दूध प्यायले ते मात्र लक्षात ठेवा, भूलतज्ज्ञ पहिला प्रश्न तोच विचारतील.